पाचवा स्वाध्याय

३ मार्च

प्रिय बारके,

पत्राचा मायना कसा लिहावा यावर मी एक अख्खं प्रकरण शिकवते, आणि तुला काय लिहावं यात माझा अर्धा तास गेला. 'प्रिय' खोडलं आणि खाली पुन्हा 'प्रिय'च लिहिलं. खोडलेलं दिसतंय, दिसू दे.

फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर मला खोटं फार सफाईने बोलता येतं. कागदावर तेवढं जमत नाही, हात अडखळतो.

परवाच्या मुक्त विद्यापीठाच्या ऑनलाइन शिक्षकसभेत मी होते. पडद्यावरच्या साठ-पासष्ट चौकोनांत एक काळा होता, तो माझा. समन्वयक बाईंनी तुझं कौतुक चालवलं तेव्हा मी उठून पाणी पिऊन आले, परत आले तरी ते चालूच होतं. "विद्यार्थी आपल्या गतीने, घरबसल्या शिकणार म्हटल्यावर शिक्षकाला काम काय उरतं, असं विचारणाऱ्यांनी आज ऐकावं," असं म्हणून त्यांनी तुला बोलायला लावलं.

मग तू तुझ्या भूमितीच्या अभ्यासक्रमातल्या एका विद्यार्थिनीचं उत्तर वाचून दाखवलंस. रोजच्या वापरातल्या वस्तूत समान लांबीच्या दोन वक्ररेषा शोधा, असा प्रश्न होता. तिने लिहिलं होतं : शर्टाला बाही जोडतात तो गोल, म्हणजे मुंढा, आणि बाहीचा वरचा माथा. पुस्तकाच्या हिशेबाने दोन्ही समान हवेत. पण समान ठेवले तर माणसाचा हात वर होत नाही. माथा बोटभर जास्त ठेवावा लागतो आणि ते जास्तीचं शिवणीत जिरवावं लागतं.

सगळे हसले, मग टाळ्या वाजवल्या. तू म्हणालीस, "मी सहा वर्षांत या बाईंकडून जेवढं शिकले तेवढं कुणाकडून नाही. आणि मला त्यांचा फक्त नंबर माहीत आहे."

अभिनंदन.

एक अनुभवाचा शब्द. अकरा वर्षं मी हेच काम करते आहे, आणि तुला इथे चिकटवलं तेही मीच, ते विसरली नसशील. एका विद्यार्थ्याला फार चढवू नये. तू म्हणे प्रत्येकाला लेखी शेऱ्याऐवजी तुझ्या आवाजात दोन-तीन मिनिटं बोलून पाठवतेस. चार हजार जणांचं शिकवणं आणि एकेकाशी गप्पा! माझ्या 'कार्यालयीन पत्रलेखना'त दोनशे दहा नावं आहेत, पुरा करतात वीसेक. मी दोन ओळींचा शेरा लिहिते आणि तो पुरतो.

आई बरी आहे. शिवते. तुझा विषय घरात निघत नाही, तेव्हा तिची काळजी नको.

तुझी,
ताई


२० मार्च

बारके,

तुझं उत्तर आलं. पाच ओळी, त्यातल्या दोन आईबद्दल. 'आई खरंच माझं नाव काढत नाही? दुकान अजून स्वतःच बघते?' आणि खाली, जसं काही सहज सुचलं असावं तसं : 'त्या बाईंनी चौथ्यानंतर पाचवा स्वाध्याय पाठवलेलाच नाही. सात आठवडे झाले. तीस एप्रिलला त्यांची नऊ महिन्यांची मुदत संपते. ताई, तू अशा विद्यार्थ्यांचं काय करतेस?'

काही करत नाही. सोडून देते. लोक हौसेने नाव घालतात आणि हौस फिटली की जातात.

पण तुला एक सांगणं माझं कर्तव्य आहे. सांगितलं नाही तर उद्या तुझ्यावरच शेकेल.

ती आई आहे.

आता मला सांग, तुला शंकासुद्धा आली नव्हती? मुंढा, बाहीचा माथा, शिवणीत जिरवणं हे शब्द तू कुणाच्या तोंडून ऐकत मोठी झालीस? का आली होती, आणि विचारायची हिंमत झाली नाही? 'दुकान स्वतःच बघते का' हे तू उगाच विचारलं नसणार.

गेल्या जुलैत ती टॅबलेट घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "मला बारकीचा तो कोर्स लावून दे," म्हणाली. मी म्हटलं, "आई, सातवीनंतर वही धरली नाहीस, भूमिती कुठली काढतेस?" तर म्हणाली, "चाळीस वर्षं तीच करतेय, नाव आत्ता कळलं." तिची अट एकच होती. तुला कळू द्यायचं नाही. "तिने मला ओळखून मार्क दिले तर मला खरंच येतं का ते कळणारच नाही." विद्यापीठात तपासणाऱ्याला नुसता नंबर दिसतो हे मीच तिला सांगितलं होतं, म्हणून तिला धीर आला. अक्षर तू ओळखशील म्हणून ती वहीत लिहायची, मी टाइप करून पाठवायची.

म्हणजे तुझ्या त्या टाळ्यांमधल्या निम्म्या टायपिंगच्या आहेत.

तर मुद्दा असा. नियमावलीतला नववा नियम तुला पाठ असेल : नातेवाइकाचं काम तपासायचं नाही, नातं कळताच समन्वयकांना कळवायचं. आता तुला कळलं आहे. तू कळवशीलच. मग आईचे स्वाध्याय दुसऱ्या कुणाकडे जातील. वाईट वाटतं, पण नियम तो नियम. माझ्याकडे येणार नाहीत हे उघडच आहे, मीही तिची मुलगीच.

पाचव्याचं म्हणशील तर तिचा उत्साह ओसरलाय. डोळे दुखतात म्हणते. मी आग्रह केला नाही.

ताई


६ एप्रिल

बारके,

तुझ्या पत्रात या वेळी एकच ओळ होती. 'तू असं का केलंस?' खाली सहीसुद्धा नाही. माझ्या विद्यार्थ्याने असं पत्र पाठवलं असतं तर मी नापास केलं असतं. ते पत्र चार दिवस भाजीच्या टोपलीखाली ठेवलं होतं. आज उत्तर देते. काही लपवणार नाही, निदान तसं ठरवून बसले आहे.

आधी इकडे काय झालं ते सांगते, कारण फोनवर आईने तुला तिची बाजू सांगितली असेल, माझी नाही.

तू त्याच दिवशी समन्वयक बाईंना कळवून टाकलंस. मला वाटलं होतं आठ दिवस तरी चुळबुळ करशील. दुसऱ्या दिवशी दुपारी आईच्या टॅबलेटवर सूचना आली की आपले मूल्यमापक बदलण्यात आले आहेत. मी खाली दुकानात होते. कोटाच्या कॉलरला ती टाचण्या लावत होती. सूचना मोठ्याने वाचली, पुन्हा वाचली, आणि तोंडातल्या टाचण्या एकेक काढून डबीत ठेवल्या. "म्हणजे आता ती बोलणार नाही?" एवढंच म्हणाली. टॅबलेट उलटा करून कापडाच्या गठ्ठ्यावर ठेवला.

बारके, त्या क्षणी मला बरं वाटलं. खरं सांगायचं ठरवलंय ना, मग हे घे. दोन मिनिटं मला अगदी हलकं हलकं वाटलं.

मग दुकानाचा फोन वाजला आणि तू होतीस.

परीक्षक म्हणून राहिली असतीस तर तुला तिच्याशी बोलता आलं नसतं. मी तुझी परीक्षकी काढून घेतली आणि तुझ्या हातात फोन दिला. हे माझ्या ध्यानातच आलं नाही! अकरा वर्षं नियमावली वाचतेय, आणि हा नियम पुढे कुठवर जातो ते मला दिसलं नाही.

सव्वा तास बोललात. मी काउंटरवर उगाच बटणं निवडत बसले. पहिली दहा मिनिटं ती नुसती 'हं, हं' करत होती. मग हसली. मग शिलाई मशीनच्या पाठीला टेकून चक्क वाद घालायला लागली, "त्रिकोणाचं तू म्हणतेस ते कागदावर गं, कापड ताणतं त्याचं काय?" सहा वर्षांत माझ्याशी ती असा वाद घालायला आली नाही. माझ्याशी ती गॅस संपल्याचं बोलते.

आणि मग तू विचारलंस, पाचवा का नाही पाठवलास.

आईने माझ्याकडे पाहिलं. फोन कानालाच होता. "पाठवला की," ती म्हणाली, "जानेवारीतच. ताईने पाठवला."

फोन ठेवून ती काउंटरपाशी आली. आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

"पाचवा कुठंय?"

"पाठवायचा राहिला."

"कुठं राहिला?"

"माझ्या टेबलाच्या खणात."

"घेऊन ये."

मी वर जाऊन आणला. तिने चष्मा लावला, तिथेच उभ्याने पहिल्यापासून वाचला, आणि दुसऱ्या पानावर थांबली. "हे क्षेत्रफळ चुकलंय. शिवण धरलीच नाही मी यात." खडूने दुरुस्त केलं. वहीवर, कापडाच्या खडूने! मला हसू आलं. मला वाटलं, निभावलं. मग ती म्हणाली, "टायपिंग नको आता. मी बघते," आणि त्या दिवसापासून टॅबलेटला मला हात लावू देत नाही. पासवर्ड बदललाय. कुणाकडून शिकली देवाला ठाऊक. पाचवा तिने स्वतः फोटो काढून पाठवला. फोटोत अर्धा अंगठा आलाय, तो नव्या मूल्यमापकांनी पाहिला असेल. त्यांनी लेखी शेरा दिलाय, 'समाधानकारक'. एक शब्द. माझ्यापेक्षा कमी.

आता तुझा प्रश्न, का.

तो स्वाध्याय तुझ्यापर्यंत पोचला नाही, म्हणून त्यात काय होतं ते मलाच सांगावं लागणार. प्रश्न होता : दिलेल्या क्षेत्रफळातून दोन असमान आकृत्या कमीत कमी तुकडे वाया घालवून कशा काढाल? आईने लिहिलं होतं, एकदा एकाच कापडात दोन मुलींचे फ्रॉक बेतायचे होते. मोठीचा सरळ बेतला, तो पाच मिनिटांत झाला. धाकटीला उरलेल्या पट्ट्या आणि कोपरे राहिले. ते फिरवून, उलटे लावून, उरेब घेऊन, म्हणजे तिरकं कापून, तीन दिवस विचार केला. धाकटीचा फ्रॉक दिसायला सुंदर झाला, कारण त्याच्यावर विचार जास्त झाला होता.

पुढे आकृती होती, मोजमापं होती. मी ती टाइप केलीच नाहीत.

तो पिवळा फ्रॉक तुला आठवतो का? मला आठवतो. मी आठ वर्षांची होते, आणि तुझा घेर माझ्यापेक्षा का फिरतो म्हणून रडले होते. आई म्हणाली होती, "दोन्ही सारखेच आहेत गं." पस्तीस वर्षं मी ते खरं मानलं. आणि ती ते विद्यापीठाला लिहून देत होती! माझ्याच हाताने टाइप करवून!

नुसत्या फ्रॉकसाठी एवढं झालं असं नको समजू. तुझा आवाज आला की ती मशीन थांबवायची. तू पाठवलेले ते दोन मिनिटांचे शेरे, ती एकेक तीन-तीनदा ऐकायची. गिऱ्हाईक आलं तर त्याला बोटाने थांबवायची. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "आई, माझेही व्हिडिओ आहेत, बघ एखादा." तर म्हणाली, "पत्रं शिकून मी लिहू कुणाला?" तिने सहजच म्हटलं असेल. मी वर येऊन भांडी घासली, दोनदा घासली.

तिला औषधाला मी नेते. लाइटचं बिल मी बघते. तिचे पाय दुखतात तेव्हा तेल मी लावते. आणि तू, पडद्यातून, 'शाब्बास, फार सुंदर विचार केलात' म्हणतेस आणि तिचा दिवस उजळतो.

आता उरलेलं. एकदा सुरुवात केलीच आहे.

तू गेलीस त्या वर्षी चारदा फोन केलास. दुकानातला फोन वरही वाजतो, चारही वेळा मी वर आधी उचलला. 'आई झोपलीय', 'आई बाहेर गेलीय', 'आई बोलायला तयार नाही', आणि चौथ्यांदा 'नको करूस गं, तिला त्रास होतो.' त्यातलं एकही खरं नव्हतं. आई खालीच होती, दुकानात, फोनची वाट बघत. एकदा तर तिने जिन्यातून विचारलं, "कोण होतं?" मी म्हटलं, "रॉंग नंबर."

आणि त्याच्याही आधी. बाबा गेल्यावर महिन्याभरात तुला दुसऱ्या शहरात ही नोकरी आली, तेव्हा 'जा, इथे काय आहे' असं तुला म्हणणारी मीच. आणि आईला 'मी खूप अडवलं, ऐकत नाही' असं सांगणारीही मीच. 'गेलीस तर मला मुलगी एकच,' असं आई तुला म्हणाली, ते रागात म्हणाली. मी ते आनंदाने ऐकलं. मला वाटलं, चला, आता एकच.

एकच होते सहा वर्षं. काही वेगळं झालं नाही. तुझी खुर्ची रिकामी होती आणि ती तिच्याकडेच बघायची.

यातलं फोनचं आईला मी अजून सांगितलेलं नाही. तू सांग, किंवा मी सांगते. मीच सांगते. तू सांगितलंस तर तेही तुझंच होईल.

ताई


१२ एप्रिल

बारके,

सांगितलं.

कात्रीला धार लावत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "चार?" मी म्हटलं, "चार." म्हणाली, "मला वाटलं होतं एकदाही नाही केला."

मग दुकानाचं शटर अर्धं ओढून ती भर दुपारी फिरायला गेली. दोन तासांनी आली. दोघींचा चहा टाकला. माझा कप ओट्यावरच ठेवला, हातात दिला नाही.

सहावा स्वाध्याय तिने पाठवलाय. परीक्षा अठ्ठावीसला आहे. केंद्रावर ओळखपत्र घेऊन जावं लागतं. कुणाबरोबर जाणार, ते बोलली नाही. तू येणार आहेस का, हे विचारायची मला लाज वाटते, म्हणून विचारत नाही.

ताई


२९ एप्रिल

प्रिय बारके,

तू आली नाहीस ते बरं केलंस. आईला फोनवर तू म्हणालीस म्हणे, 'मी आले तर तू माझ्यासाठी पेपर लिहिशील, ताईबरोबर जा.' हे आईने मला शब्दाला शब्द सांगितलं. तू मोठेपणा दाखवलास आणि मला तोही सहन झाला नाही. रात्रभर कुढले, सकाळी मात्र तिच्या पेन्सिलींना टोक काढून दिलं.

केंद्र म्हणजे जुन्या ग्रंथालयाचा वरचा मजला. अकरा जण होते, अकरा वेगवेगळ्या विषयांचे. पर्यवेक्षक बाईंनी आईच्या पिशवीतून शिवणाचा टेप बाहेर काढून ठेवला. आई म्हणाली, "अहो, तो माझा हातच आहे." "परीक्षा भूमितीची आहे, आजी, मोजपट्टी आम्ही देऊ." आईला 'आजी'चा राग आला. मी ओळखलं, कारण तिने पाठ ताठ केली.

मी बाहेर बाकावर बसले. दोन तास. समोर काचेचं दार होतं, त्यातून तिची पाठ आणि अंबाडा दिसायचा. पहिला अर्धा तास तिने काहीच लिहिलं नाही. मी दोनदा उठून दोनदा बसले. वाटलं, जानेवारीत तो पाचवा पाठवला असता तर तुझे ते दोन मिनिटांचे शब्द तिच्याजवळ असते, आत्ता उपयोगी पडले असते. ते मी खाल्ले. हे मला तिथे, त्या बाकावर, पहिल्यांदा नीट कळलं. त्याआधी तुला जे लिहिलं त्यात निम्मी मला माझीच दया येत होती.

मग तिचा खांदा हलायला लागला, आणि मध्येच तिने हवेत बोटाने कापड फिरवलं. उजवीकडे, मग उलटं. पर्यवेक्षक बाई उठून जवळ आल्या, त्यांना वाटलं ती कुणाला खुणा करतेय. मी दारापलीकडून हात हलवून सांगितलं, नाही हो, ती बेततेय.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता तुला फोन लावायला सांगेल. मी फोन काढून हातातही धरला. तिने तो बाजूला केला. "थांब, आधी हे ऐक, नाहीतर विसरेन," म्हणाली, आणि माझा दंड धरून चालायला लागली.

सगळा रस्ता, बारके. पहिल्या प्रश्नापासून. कुठे अडली, कुठे पुस्तक खोटं वाटलं, तिसऱ्यात कोन कसा चुकत चुकत सापडला. मला भूमितीतलं ओ की ठो कळत नाही. मी मध्येच "मग?" म्हणायची, ती म्हणायची, "मग काय, मग मी तो उलटा लावला!" सिग्नलला थांबलो तर तिने माझ्या पाठीवर बोटाने चौथ्याची आकृती काढून दाखवली. मागे उभी असलेली माणसं बघत होती. तिला भान नव्हतं. मला होतं आणि मी हललेसुद्धा नाही.

घरी आलो तेव्हा ती इतकी दमली होती की चप्पल न काढता आडवी झाली. तुझ्याशी संध्याकाळी बोलली ते 'बरा गेला' एवढंच. आज सकाळी तुझा निरोप आला : चौथा प्रश्न सगळ्यात अवघड होता, आईने तो कसा सोडवला, ती नुसतं 'ताईला माहीत आहे' म्हणते, तर तू सांग.

मला माहीत आहे. माझ्या पाठीवर आहे तो अजून.

निकाल पंधरा दिवसांत लागेल. तू ये. निकालाआधी ये, म्हणजे ती पास-नापास कशीही झाली तरी आपण दोघी तिथे असू. तुझी खोली मी झाडून ठेवली आहे. तिथे शिवणाचे कपडे ठेवायला लागलो होतो, ते काढले. आई तुला आधी मिठी मारेल, आणि मी दारात उभी राहून जळेन, ते तू बघून न बघितल्यासारखं कर.

पण चौथा प्रश्न मी तुला सांगणार नाही. आईने सांगितला तर ऐक. माझ्याकडून नाही. एवढा एक मला राहू दे.

तुझी,
ताई